खातं कुणाचं, पैसा कुणाचा

जुगाराशी माझा संबंध पत्त्यांतून आला नाही, पगारपत्रकातून आला. छत्तीसगडमध्ये, भिलाईच्या हथखोज औद्योगिक वसाहतीतल्या काही लहान कारखान्यांचे हिशेब मी पाहतो. कुठे फॅब्रिकेशन, कुठे लेथ आणि मिलिंग, कुठे ओतकाम. बहुतेकांची कामं भिलाई स्टील प्लांटची नाहीतर रेल्वेची. माझे वडील नागपूरकडून या प्लांटमध्ये नोकरीला आले आणि आम्ही इथलेच झालो. बोलणं हिंदीत, हिशेब इंग्रजीत, चिडणं मराठीत. कारखान्यांत मला सगळे ‘भाऊ’ म्हणतात, मालकही आणि हेल्परही.

या वसाहतीचा एक स्वभाव आहे, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. इथे काम असतं, पण पैसा हातात नसतो. माल गेला की बिल पास व्हायला दोन-तीन महिने सहज जातात. मजुरी मात्र सात तारखेला द्यावी लागते, विजेचं बिल थांबत नाही आणि जीएसटी तर पैसे आले नसले तरी भरावाच लागतो. त्यामुळे चांगला चालणारा कारखानासुद्धा महिन्याचे दहा दिवस उधारीवर श्वास घेतो. जुगाराचा धंदा करणाऱ्यांनी ही गोष्ट माझ्यासारख्या हिशेबनिसांच्या कितीतरी आधी ओळखली होती.

पूर्वी इथे सट्टा-पट्टी होती. चहाच्या टपरीमागे चिठ्ठी लिहिणारा असायचा, त्याच्या वरचा तो खाईवाल. कल्याण मटक्याचा आकडा आमच्याकडे अर्ध्या दिवसात पोचायचा. पोलीस अधूनमधून धरायचे आणि माणूस दंड भरून संध्याकाळी परत टपरीवर. १८६७ च्या मूळ जुगार कायद्यात अड्डा चालवणाऱ्याला २०० रुपये दंड किंवा तीन महिने कैद एवढीच शिक्षा होती. त्या काळात दोनशे रुपये मोठे असतील, पुढे त्याची चेष्टा झाली. पण त्या जुगाराचा एक गुण, गुणच म्हणायला हवा, असा होता की तो रोखीत चालायचा. हरणारा स्वतःच्या खिशातून हरायचा. कारखान्याच्या वहीला, बँकेच्या पासबुकाला त्याचा स्पर्श होत नसे. मला त्यात लक्ष घालायची गरजच पडली नाही.

टाळेबंदीनंतर हे बदललं. २०२० चं आयपीएल अमिरातीत झालं, माणसं घरी बसलेली, हातात फोन, आणि सट्टा त्या फोनवर आला. कारखाने पुन्हा सुरू झाले तेव्हा एका हेल्परने येऊन सांगितलं की यापुढे माझा पगार मेहुण्याच्या खात्यात टाका. मी कारण विचारलं. खातं बंद पडलंय म्हणाला. मग नवीन उघड. त्यावर गप्प. मी पगार थांबवतो म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी पासबुक घेऊन आला.

असं पासबुक मी आधी कधी पाहिलं नव्हतं. पानामागून पान छापलेलं. पाचशे, दोन हजार, दहा हजार अशा रकमा देशभरातल्या अनोळखी नावांवरून आलेल्या, एकाच दिवसात चाळीस-चाळीस नोंदी, आणि संध्याकाळी एका दणक्यात सगळी रक्कम बाहेर. शिल्लक शे-दोनशे. या पोराने ते खातं सट्टेवाल्यांना ‘किट’ म्हणून देऊन टाकलं होतं. किट म्हणजे पासबुक, एटीएम कार्ड, चेकबुक आणि खात्याला जोडलेलं सिमकार्ड. बदल्यात त्याला महिन्याला निम्म्या पगाराएवढे पैसे मिळत होते. आपण काही गैर करतोय असं त्याला मनापासून वाटत नव्हतं. “भाऊ, मैं तो खेलता भी नहीं,” हे त्याचं उत्तर. आणि ते खरंही होतं. त्याने आयुष्यात एक रुपया लावला नसेल.

पुढे वर्तमानपत्रांतून महादेव बुक या ऑनलाइन सट्ट्याच्या अ‍ॅपचं नाव गाजलं तेव्हा ही सगळी यंत्रणा उलगडत गेली. अंमलबजावणी संचालनालयाने (ईडी) ज्यांना मुख्य प्रवर्तक म्हटलं ते सौरभ चंद्राकर आणि रवी उप्पल दोघेही भिलाईचे. चंद्राकर यांचं इथे ज्यूसचं दुकान होतं. कारभार दुबईतून, असं ईडीचं म्हणणं. सप्टेंबर २०२३ मध्ये ईडीने ४१७ कोटींची मालमत्ता गोठवल्याचं जाहीर केलं, ५ नोव्हेंबर २०२३ ला केंद्राने महादेवसह २२ अ‍ॅप आणि संकेतस्थळं बंद करण्याचे आदेश दिले, आणि पुढच्या वर्षी तपास सीबीआयकडे गेला. त्यातलं राजकारण मी बाजूला ठेवतो. आरोप खरे-खोटे न्यायालय ठरवील.

माझ्या कामाची गोष्ट त्या यंत्रणेच्या रचनेत होती. ईडीने सांगितलं त्याप्रमाणे वरचे लोक ‘पॅनल’ वाटायचे, एखाद्या कंपनीने शाखा वाटाव्यात तसे, आणि नफा सत्तर-तीस असा वाटला जायचा. ग्राहकाने व्हॉट्सअ‍ॅपवर संपर्क करायचा, त्याला एक आयडी मिळायचा, आणि पैसे कुठल्या खात्यात भरायचे ते सांगितलं जायचं. ते खातं पॅनलवाल्याचं कधीच नसे. ते असे आमच्या हेल्परसारख्या कुणाचं. म्हणजे सॉफ्टवेअर एकाचं, भांडवल दुसऱ्याचं, नफा तिसऱ्याचा, आणि कागदावर सही मात्र हथखोजच्या मजुराची. पोलीस चौकशीला निघाले की पहिलं दार त्याचं.

मी त्या हेल्परला बँकेत नेलं. लेखी अर्ज दिला, कार्ड ब्लॉक केलं, खातं बंद करायला लावलं, आणि ठाण्यातही अर्ज दिला. ठाण्यात जायला तो तयार नव्हता, घाबरला होता, आणि ज्यांनी किट नेलं होतं ते गल्लीतलेच होते. त्याची आई माझ्यावर चिडली, कारण घरात येणारा पैसा थांबला. चौकशीची नोटीस पुढे आलीच, पण तेव्हा हातात तारखेसह अर्जाची पोच होती. तिचा उपयोग झाला.

मजुराचं समजू शकतो. मालक असा विचार करतात तेव्हा मला जास्त भीती वाटते.

एका कारखान्याची दोन मोठी बिलं अडकली होती. मालक माणूस म्हणून उत्तम, बाईसाहेबांचे दागिने आधीच गहाण. एक दिवस केबिनचं दार लावून त्याने मला विचारलं की आपल्या करंट अकाउंटमधून कुणाचे पैसे फिरवायला दिले तर काय होईल. दीड टक्का मिळणार होता. महिन्याला कोटीभर फिरणार, म्हणजे काही न करता दीड लाख. “भाऊ, इसमें अपना क्या जाता है?”

करंट अकाउंटला या लोकांकडे भाव जास्त, हे मला तेव्हा कळलं. बचत खात्यात रोज लाखो फिरले की बँकेला लगेच संशय येतो. कारखान्याच्या खात्यात कोटीची उलाढाल म्हणजे धंदा चांगला चाललाय असं वाटतं. जीएसटी क्रमांक आहे, शेड आहे, बाहेर पाटी आहे. आमची वीस वर्षांची पत त्यांना दीड टक्क्यात हवी होती.

मी त्याला नीतीचं काही सांगितलं नाही. कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला नीती सांगणं मला जमत नाही. कागद घेतला आणि तेव्हाच्या कायद्याचे आकडे मांडले. खात्यात आलेला पैसा कुठून आला ते सांगता आलं नाही तर आयकर कायद्याच्या दृष्टीने ते तुझंच उत्पन्न. कलम ११५बीबीई खाली त्यावर ६० टक्के कर, त्यावर २५ टक्के अधिभार, वर ४ टक्के उपकर. हिशेब ७८ टक्क्यांवर जातो. तुझी मिळकत दीड टक्का आणि देणं अठ्ठ्याहत्तर. त्यात जीएसटीवाले विचारणार की एवढी रक्कम आली तर विक्री का दाखवली नाही. त्यातून वाचायला खोटी बिलं केलीस तर तो वेगळा गुन्हा. आणि पैसा गुन्ह्यातला ठरला तर मनी लाँडरिंगचा कायदा, त्यात तीन ते सात वर्षं, आणि पैसा स्वच्छ आहे हे दाखवायची जबाबदारी बऱ्याच अंशी आपल्याच डोक्यावर येते. बेनामी कायदा २०१६ पासून कडक झाला, तो निराळा. शेड, मशीन, घर, काय काय जप्तीत जाईल याची यादी मी पाठीमागच्या पानावर केली.

त्याने यादी वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, ठीक आहे, ओव्हरड्राफ्टचं बघू. नंतर कळलं की तोच प्रस्ताव वसाहतीत इतरांकडेही गेला होता. कुणी घेतला ते मला माहीत आहे आणि ते मी इथे लिहिणार नाही.

आता ज्याने काहीच केलं नाही त्याची गोष्ट. एका युनिटने भंगार विकलं. लोखंडाचे तुकडे, बुरादा, नेहमीचा माल. व्यापाऱ्याने पैसे पाठवले, पण स्वतःच्या फर्मच्या खात्यातून नाही, तिसऱ्याच कुणाच्या नावावरून. कारखान्यात कुणी लक्ष दिलं नाही. पैसे आले ना, झालं. काही आठवड्यांनी पगाराच्या तोंडावर खातं गोठलं. बँकेत विचारलं तर दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र. ज्या खात्यातून आम्हाला पैसे आले त्या खात्यात सट्ट्याचे आणि फसवणुकीचे पैसे आलेले होते. पोलीस अशा पैशांचा माग काढताना थरामागून थर मोजतात. आम्ही तिसऱ्या थरात सापडलो. रक्कम लाखाच्या आतली, गोठलं सगळं खातं.

पुढचे दिवस कसे गेले ते मालकाला विचारा. चेक परत गेले. वीज मंडळाची सूचना आली. मजुरांना रोखीत उचल द्यावी लागली, तीही उसनवारी करून. त्या दूरच्या शहरात जाऊन तपास अधिकाऱ्याला भेटायचं, तर तो बंदोबस्तावर. शेवटी आम्हाला सोडवलं ते तीन कागदांनी: बिल, ई-वे बिल आणि धरमकाट्याची वजनाची चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर गाडीचा नंबर होता, तारीख होती, वेळ होती. माल खरोखर गेला होता हे सिद्ध झालं. संशयित रकमेपुरतीच अडवणूक करावी, पूर्ण खातं बंद करू नये, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलेलं आहे. वकिलाने तेही जोडलं. तरी महिने गेले. यात जुगार खेळणारा कोण होता, हे आम्हाला आजतागायत माहीत नाही.

त्यानंतर मी ज्यांचे हिशेब बघतो त्या सगळ्या ठिकाणी एक नियम घातला आहे. बिल ज्याच्या नावावर, पैसा त्याच्याच खात्यातून यायला हवा. दुसऱ्या नावावरून आला तर त्याच दिवशी फोन, लेखी खुलासा, नाहीतर पैसे आले त्याच खात्यात परत. “चुकून जास्त पाठवले, बाकीचे या दुसऱ्या नंबरवर टाका” असं कुणी म्हटलं तर अजिबात नाही. पगार फक्त मजुराच्या स्वतःच्या खात्यात. या नियमांमुळे माझी चेष्टा होते. एका ग्राहकाने तर मालकाकडे तक्रार केली की तुमचा भाऊ सीबीआयमधून आलाय का. त्या ग्राहकाशी व्यवहार तुटला. मला त्याचं वाईट वाटलं नाही, मालकाला वाटलं.

माझा भाचा टोरांटोला असतो. तिथे तो एका परवानाधारक ऑनलाइन जुगार कंपनीत नियमपालनाचं काम करतो. आधी घरात हे सांगताना ताई आवाज खाली आणायची. सुट्टीवर आला की आमच्या गप्पा याच विषयावर रंगतात, आणि खरं सांगायचं तर आमचं काम एकच आहे. फरक इतकाच की त्याला त्यासाठी पगार चांगला मिळतो.

कॅनडात फौजदारी संहितेने जुगार हा गुन्हाच ठेवला आहे, पण प्रांताने स्वतः तो चालवला तर सूट. त्यामुळे ऑन्टारियोने ४ एप्रिल २०२२ ला खाजगी कंपन्यांना ऑनलाइन बाजार उघडून दिला तेव्हासुद्धा कायद्याने जुगार चालवणारा प्रांतच राहिला. कंपनीने नियामक मंडळाकडे नोंदणी करायची, आणि आयगेमिंग ऑन्टारियो या सरकारी संस्थेशी करार करायचा. “मामा, आमच्याकडे बुकी म्हणजे सरकार,” असं भाचा हसत म्हणतो. खेळणाऱ्याचं नाव, वय, पत्ता, पैसे कुठून आले, सगळं कंपनीने तपासायचं. चोवीस तासांत दहा हजार डॉलर किंवा त्याहून अधिक रोख आली की फिनट्रॅक या संस्थेला कळवायचं, आणि संशय आला तर रक्कम कितीही असो कळवायचं. फेब्रुवारी २०२४ पासून तिथल्या जाहिरातींत खेळाडू वापरायला बंदी आली, मुलांना भुरळ घालतील अशा प्रसिद्ध व्यक्तींनाही. हे ऐकून मला आपल्याकडच्या जाहिरातींतले चेहरे आठवले.

पण तिकडे सगळं आलबेल आहे असं भाचाही म्हणत नाही. ब्रिटिश कोलंबियात कॅसिनो प्रांताच्याच अखत्यारीत होते, तरी वर्षानुवर्षं माणसं हॉकीच्या पिशव्यांत वीस-वीस डॉलरच्या नोटांची रबर लावलेली बंडलं आणत होती आणि गल्ल्यावर ती मोजून घेतली जात होती. याची चौकशी करणाऱ्या कलन आयोगाचा अहवाल जून २०२२ मध्ये आला. त्यात एकट्या २०१४ सालचा आकडा आहे: दहा हजार डॉलर किंवा त्याहून मोठे रोख व्यवहार मिळून सुमारे १२० कोटी डॉलर. अहवाल वर जात होते, कागदपत्रं नियमाप्रमाणे भरली जात होती, आणि पैसा तरी आत येतच होता. २०१८ च्या जानेवारीपासून पैशाचा उगम दाखवा ही अट कडक झाली, तेव्हा कुठे नळ आवळला गेला. मला हा भाग फार शिकवून गेला. फॉर्म भरणं आणि विचारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत आमच्या त्या हेल्परचं केवायसीसुद्धा अगदी व्यवस्थित होतं. आधार, पॅन, फोटो, सही. खातं वापरतोय कोण, एवढंच कुणी विचारलं नव्हतं.

परवाना असला म्हणजे धोका संपला असंही नाही. गोव्यात १९७६ च्या कायद्यात दुरुस्त्या करून आधी पंचतारांकित हॉटेलांत यंत्रं आणि मग समुद्रातल्या जहाजांवर कॅसिनो आले. मांडवीतले ते बोटींचे दिवे सगळ्यांनी पाहिलेत. मनी लाँडरिंगच्या कायद्यात कॅसिनोंना संशयित व्यवहार कळवणं बंधनकारक आहे. पण २०२३ च्या सप्टेंबरात तिथे कॅसिनो चालवणाऱ्या डेल्टा कॉर्पला जीएसटीची ११ हजार कोटींहून अधिक रकमेची नोटीस आली. कर कॅसिनोच्या मिळकतीवर लागतो की लावलेल्या सगळ्या पैशांवर, हा तो वाद. हिशेबनीस म्हणून मला त्या कंपनीच्या लेखा विभागाची दया आली. जुगारात नशीब खेळणाऱ्याचं फिरतं असं आपण म्हणतो. चालवणाऱ्याचं नशीब एका कलमाच्या अर्थावर फिरू शकतं.

कायदे आपल्याकडेही बदलले. छत्तीसगडचा २०२२ चा जुगार प्रतिषेध कायदा २०२३ मध्ये लागू झाला, त्यात ऑनलाइन जुगाराला वेगळी आणि जड शिक्षा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख, आणि पैशांची ने-आण करून देणाऱ्याला पुन्हा तीन वर्षं आणि एक कोटी. मुंबईची फँटसी खेळांची कंपनी ड्रीम११ काही दिवसांतच पैशांचे सामने बंद करून बसली. जे उघड, नोंदणी करून, कर भरून चालले होते ते एका आठवड्यात बंद झाले. जे आधीपासूनच दुसऱ्याच्या खात्यावर चालत होते त्यांना बंद होण्यासारखं काही नव्हतंच. माझं मत विचाराल तर बंदीपेक्षा खात्यांवरची नजर जास्त कामाची. पण मी कायदे करत नाही, फक्त विवरणपत्रं भरतो.

आमच्या वसाहतीतला एक वेल्डर होता, हात फार चांगला. पोरगा कॉम्प्युटर शिकलेला. त्याला ‘डेटा एन्ट्री’ची नोकरी लागली, राहणं-खाणं फुकट, महाराष्ट्रात कुठेतरी. फोन फक्त रात्री. मे २०२४ मध्ये पुणे ग्रामीण पोलिसांनी नारायणगावात महादेवशी संबंधित एका इमारतीवर छापा टाकून तिथे काम करणारी बरीच मुलं ताब्यात घेतली, तेव्हा ती बातमी वाचून वेल्डर माझ्याकडे धावत आला. त्याचा मुलगा तिथे नव्हता, दुसऱ्या शहरातल्या तसल्याच एका फ्लॅटमध्ये होता. त्याला परत आणलं. त्याच्या नेमणुकीचा कागद मी पाहायला मागितला. नव्हता. पगार कुठल्या कंपनीच्या नावावरून यायचा? दर महिन्याला वेगळ्या माणसाच्या नावावरून. पीएफ नाही, पगाराची स्लिप नाही. आज तो हथखोजमध्येच स्टोअर सांभाळतो, पगार तिकडच्या निम्मा. नाराज असतो. सामन्याच्या दिवशी फोन पालथा ठेवतो, एवढं मी पाहिलं आहे.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात असं किट बाहेर गेलं असेल, तर वाट पाहू नका. बँकेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या, कार्ड आणि सिम बंद करा, ठाण्यात कळवा. फसवणुकीचा पैसा खात्यात दिसला तर १९३० वर फोन करा. तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फुकट दिसतं. अनोळखी नंबर निघाला तर तिथेच बंद करायची विनंती करता येते. आणि घरच्या पोराला नोकरी लागली की पगार नक्की कुणाच्या खात्यातून येतो, हे त्याला पहिल्याच महिन्यात विचारा.